समेटाची कलमे : कॅथॉलिक श्रद्धा आणि उत्क्रांतिवाद



मी शास्त्रज्ञ नाही, धर्मशास्त्री नाही आणि कॅथॉलिकही नाही. माझे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. वाचन जे काही झाले ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयात बसून. तेव्हा या विषयावर बोलण्याचा याला अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात आला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर एका माणसाने मला विचारलेल्या प्रश्नात आहे.

आमच्या कारखान्यात वसईकडचा एक टर्नर होता. मोठा पापभीरू माणूस. रविवारचा मिस्सा त्याने कधी चुकविला नाही आणि संघटनेची वर्गणी कधी थकविली नाही. त्याची मुलगी कॉलेजात विज्ञान शिकत होती. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडताच माझ्यापाशी येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही पुस्तके वाचता. मला एवढेच सांगा, माझी मुलगी खोटी की आमचे फादर खोटे? ती म्हणते, माणूस आणि माकड एकाच कुळातले. देवळात ऐकतो की देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचा घडविला. महिना झाला, आम्ही बापलेक एकमेकांशी धड बोललेलो नाही."

मी त्याला त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. श्रद्धेचे क्षेत्र वेगळे, शास्त्राचे वेगळे, वगैरे. त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. बाप आणि लेक एका घरात राहत होती. त्यांना दोन वेगळ्या खोल्या दाखवून देणे हे काही उत्तर नव्हते. म्हणून मी या विषयाचे जे मिळेल ते वाचू लागलो. वाचताना मला एक गोष्ट पदोपदी जाणवत गेली. रोमच्या धर्मपीठाचा आणि उत्क्रांतिवादाचा संबंध हा एका लांबलेल्या वाटाघाटीसारखा आहे. वाटाघाटी हा तर माझा रोजचा उद्योग. तेव्हा करारनामा ज्या नजरेने वाचावा, त्याच नजरेने हे प्रकरण मी आपल्यापुढे मांडणार आहे : काय मान्य झाले, काय राखून ठेवले आणि काय अजून प्रलंबित आहे.

शास्त्राचे म्हणणे

चार्ल्स डार्विनचा 'प्राणिजातींचा उगम' हा ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला मुख्य विचार घरगुती शब्दांत सांगता येतो. एकाच आईबापांची पिले सारखी नसतात. त्यांच्यात बारीकसारीक फरक असतात. त्यांतले पुष्कळ फरक पुढच्या पिढीत उतरतात. जन्माला येणारे सगळेच जीव जगत नाहीत. ज्यांचे वेगळेपण त्या परिस्थितीत उपयोगी पडते त्यांची संतती अधिक टिकते. लक्षावधी पिढ्या ही चाळणी चालू राहिली की एका जातीच्या दोन जाती होतात. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, तेव्हा या कामाला वेळेची टंचाई नाही.

माणूस माकडापासून झाला, असे लोक म्हणतात ते बरोबर नाही. आजचा चिंपांझी हा आपला आजोबा नव्हे, चुलतभाऊ आहे. आपली आणि त्याची वाट साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एका समान पूर्वजापासून फुटली, असा शास्त्रज्ञांचा अदमास आहे.

याला पुरावा काय? जीवाश्मांचा पुरावा आपण शाळेत ऐकलेला असतो. मला अधिक पटला तो दुसराच. संघटनेची पत्रके छापून घेण्यात माझी बरीच वर्षे गेली. दोन गावांत वाटलेल्या दोन पत्रकांत एकाच शब्दात, एकाच अक्षराची एकच चूक सापडली, तर दोन्हींचा मजकूर एकाच मुळावरून उतरला हे सांगायला पंच नेमावे लागत नाहीत. बहुतेक सस्तन प्राणी 'क' जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. माणसाला ते करता येत नाही. म्हणून महिनोन् महिने ताजी फळे-भाजी न मिळालेल्या जुन्या खलाशांच्या हिरड्या सडत. ते जीवनसत्त्व बनविण्याची सूचना देणारे जनुक आपल्या पेशींत आहे, पण मोडलेले आहे. चिंपांझी, गोरिला आणि त्यांच्या जवळच्या माकडांतही ते मोडलेलेच आहे, आणि मोडतोडीच्या खुणा जुळतात. गिनीपिग नावाच्या प्राण्यातही हे जनुक बिघडले आहे, पण त्याचा बिघाड निराळ्या प्रकारचा. म्हणजे त्याचे पत्रक निराळ्या छापखान्यातले आणि आपले चिंपांझीच्याच छापखान्यातले.

श्रद्धेचे म्हणणे

आता दुसरी बाजू. बायबलातील 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकात देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि मातीपासून आदाम घडविला, असे वर्णन आहे. ही कथा मराठीला परकी नाही. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यातील सासष्टीत राहून 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली ओवीबद्ध मराठीत छापले गेले. त्याच्या आरंभीच्या भागात सृष्टीची आणि आदामाची ही कथा आहे. योगायोग असा की त्याच १६१६ साली, पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत धर्मग्रंथाविरुद्ध आहे, असा निर्णय रोममध्ये झाला. स्टीफन्सने कथेला पुराण म्हटले. पुराण आणि पंचांग हे दोन वेगळे ग्रंथ आहेत, एक वाचून दुसऱ्याचे काम भागत नाही, हे आपल्याकडच्या खेडुतालाही ठाऊक असते. रोमच्या न्यायाधीशांना मात्र हे उमगायला बराच काळ जावा लागला.

तथापि, कॅथॉलिक परंपरा म्हणजे अक्षराला चिकटून राहणारी परंपरा, असा समज करून घेणे अन्यायाचे होईल. जगाची उत्पत्ती ख्रिस्तपूर्व ४००४ साली झाली, हे गणित १६५० साली मांडणारा आर्चबिशप अशर हा प्रॉटेस्टंट होता. उलट उत्तर आफ्रिकेतील बिशप संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी 'उत्पत्ती'वर जे भाष्य लिहिले, त्यात सहा दिवस हे आपल्यासारखे दिवस मानलेले नाहीत. देवाने सर्व एकदम निर्माण केले आणि कित्येक गोष्टी बीजरूपाने ठेवल्या, त्या यथाकाल उगवल्या, असे त्यांचे म्हणणे. त्याच ग्रंथात त्यांनी स्वधर्मीयांना एक कानपिचकीही दिली आहे. तिचा आशय असा : आकाश, तारे, प्राणी यांविषयी परधर्मीयाला अनुभवाने नक्की ठाऊक असलेल्या गोष्टींबद्दल ख्रिस्ती माणूस धर्मग्रंथाचा हवाला देऊन वेडेवाकडे बोलू लागला, तर ऐकणारा त्याच्या पुनरुत्थानावरील श्रद्धेवर तरी कसा विश्वास ठेवील? ऑगस्टीन उत्क्रांतिवादी होते असे यावरून म्हणता येणार नाही. पण दार त्यांनी उघडे ठेवले होते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्या दाराला चौकट बसविली. देव आदिकारण, निसर्गातील शक्ती ही दुय्यम कारणे. देव आपले काम या दुय्यम कारणांकडून करवून घेतो आणि तरीही ती खरीखुरी कारणे असतात. निसर्गाविषयी त्यांनी जहाजाचा दृष्टान्त दिला आहे : जहाज बांधणाऱ्याने लाकडालाच अशी शक्ती दिली की ते आपण होऊन जहाजाचा आकार घेईल, तर ते जसे होईल तसा निसर्ग. कारखान्यात जन्म घालविलेल्या माणसाला हे लगेच पटते. प्रत्येक नट स्वतः आवळत बसणाऱ्यापेक्षा, आपले काम आपण करणारे यंत्र योजणारा मोठा कारागीर. हा विचार डार्विनच्या सहाशे वर्षे आधीचा आहे.

भांडणाची कथा

इतकी तयारी असताना भांडण का झाले? गॅलिलिओला १६३३ साली शिक्षा देऊन रोमने आपले हात भाजून घेतले होते, आणि भाजलेला माणूस एक तर फार सावध होतो किंवा फार चिडका. रोम दोन्ही झाले. १८६० साली कोलोन येथील बिशपांच्या प्रांतिक परिषदेने, माणसाचे शरीर खालच्या जीवापासून आपोआप बदलत झाले, हे मत श्रद्धेविरुद्ध ठरविले. परंतु रोमने स्वतः तसा जाहीर निर्णय दिला नाही. निषिद्ध ग्रंथांच्या यादीत डार्विनचा ग्रंथ कधीच आला नाही. त्या यादीत त्याच्या आजोबांचा, इरॅस्मस डार्विनचा, एक ग्रंथ मात्र होता!

जे घडले ते बंद दाराआड घडले आणि त्याचा मार बसला तो आतल्या माणसांना. डोमिनिकन पंथाचे फ्रेंच धर्मगुरू लरॉय यांनी, मानवी शरीरही उत्क्रांतीने घडले असू शकेल, असे लिहिले होते. १८९५ साली त्यांना वर्तमानपत्रात आपले मत जाहीरपणे मागे घ्यावे लागले. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात शिकविणारे फादर झाम यांनी १८९६ साली 'उत्क्रांती आणि धर्मसिद्धान्त' हा ग्रंथ लिहून, उत्क्रांतीमुळे देवाची कल्पना लहान होण्याऐवजी मोठीच होते, असे प्रतिपादन केले. १८९८ साली रोममध्ये त्या ग्रंथावर बंदीचा निर्णय झाला. मित्रांच्या खटपटीने तो प्रसिद्ध झाला नाही, पण झाम यांनी आपणहून ग्रंथाचा प्रसार थांबविण्याची तजवीज केली आणि हा विषय सोडून दिला. ही सर्व हकीकत १९९८ साली रोमचे जुने दप्तर अभ्यासकांना खुले झाल्यावर तपशिलाने कळली. हुकूम निघतो, पण फलकावर लागत नाही; ज्याने समजायचे तो समजतो आणि गप्प बसतो. ही रीत आम्हा कामगारांना चांगली परिचयाची आहे.

सर्वांत हृदयद्रावक कथा तैय्यार द शार्दँ यांची. हे फ्रेंच जेझुइट धर्मगुरू आणि नाणावलेले जीवाश्मशास्त्रज्ञ. आदिपापाविषयी त्यांनी लिहिलेले एक खासगी टिपण वरिष्ठांच्या हाती पडले आणि १९२० नंतरच्या दशकात त्यांना पॅरिसमधील अध्यापन सोडावे लागले. ते चीनमध्ये गेले. तेथे पेकिंगजवळच्या झोउकोउदिएन येथे प्राचीन मानवाच्या कवट्या सापडल्या, त्या संशोधनात त्यांचा वाटा होता. सारी सृष्टी वर चढत चढत ख्रिस्तापाशी पोहोचते आहे, अशी त्यांची धारणा. पण त्यांचे तत्त्वचिंतनपर ग्रंथ छापण्यास त्यांना शेवटपर्यंत परवानगी मिळाली नाही. त्यांनी ना संघ सोडला ना विचार सोडला. १० एप्रिल १९५५ रोजी, ईस्टरच्या दिवशी, ते न्यूयॉर्कमध्ये वारले आणि त्याच वर्षी त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९६२ साली रोमने त्यांच्या ग्रंथांविषयी सावधगिरीचा इशारा दिला.

याच काळात धर्मपीठाची एक दुसरीही बाजू होती. अनुवंशाचे नियम मटारच्या रोपांवर शोधून काढणारा ग्रेगोर मेंडेल हा ब्रनो येथील मठातला ऑगस्टिनियन साधू. त्याचा निबंध १८६६ साली छापला गेला आणि १९०० पर्यंत धूळ खात पडला. ज्या दुव्यावाचून डार्विनचे गाडे अडले होते तो दुवा एका मठाच्या बागेत तयार होता. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली व्हॅटिकनची वेधशाळा नव्याने उभारली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात कामगारांच्या प्रश्नावर आपले प्रसिद्ध परिपत्रक काढून संघटना करण्याचा कामगारांचा हक्क मान्य केला. त्यामुळे त्या सालाविषयी मला थोडी अधिक जवळीक वाटते, हे कबूल करतो.

मान्य झालेले कलम

समेटाची वाट १९४३ साली मोकळी झाली. पोप बारावे पायस यांनी त्या वर्षी बायबलच्या अभ्यासकांना सांगितले की, प्राचीन पूर्वेकडील लेखक कोणकोणत्या प्रकारांनी लिहीत हे आधी ओळखा आणि मग अर्थ लावा. म्हणजे पुराणाला पुराण म्हणून वाचा. पुढे १२ ऑगस्ट १९५० रोजी त्यांचे 'हुमानी जेनेरिस' हे परिपत्रक निघाले. कराराचा मूळ मसुदा तो हाच.

त्यातले पहिले कलम असे : मानवी शरीर आधीच अस्तित्वात असलेल्या सजीव द्रव्यापासून उत्पन्न झाले काय, याचा शोध आणि त्याची चर्चा दोन्ही विषयांच्या जाणकारांनी करण्यास धर्मपीठाची मनाई नाही. दोन्ही बाजूंची कारणे गांभीर्याने तोलली जावीत आणि अखेरचा निवाडा धर्मपीठाकडे राहावा, अशा अटी होत्याच. परंतु मनाई उठली. छेचाळीस वर्षांनी, २२ ऑक्टोबर १९९६ रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी आपल्या विज्ञान अकादमीला लिहिले की, उत्क्रांतीचा सिद्धान्त आता केवळ गृहीतकापेक्षा अधिक काही आहे. निरनिराळ्या शास्त्रांतले स्वतंत्र शोध एकाच ठिकाणी येऊन मिळतात, हाच त्याच्या बाजूचा मोठा पुरावा. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी तर देव म्हणजे जादूची कांडी फिरविणारा जादूगार नव्हे, असे साध्या भाषेत सांगून टाकले.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. समेट म्हणजे मिसळ नव्हे. कोणी सहा दिवसांचे सहा युगे करतो आणि विज्ञान आमच्या ग्रंथात आधीपासूनच होते म्हणतो. आपल्याकडेही मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम लावून दशावतारात डार्विन शोधणारे आहेत. ही जुळवाजुळव फार स्वस्त असते. विश्व एका आद्य अणूपासून प्रसरण पावत आले, ही कल्पना १९३१ साली मांडणारे लमेत्र हे स्वतः कॅथॉलिक धर्मगुरू. १९५१ साली पोप बाराव्या पायस यांनी त्या सिद्धान्तात जगनिर्मितीची साक्ष दिसते, अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा हे धर्मगुरूच अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त हा पदार्थविज्ञानाचा आहे, तो उद्या बदलूही शकतो, त्याच्या खुंटीला श्रद्धा टांगू नये, अशी त्यांची भूमिका होती. मला या माणसाचा फार आदर वाटतो. स्वतःच्या बाजूचा चुकीचा पुरावा नाकारणारा साक्षीदार क्वचित भेटतो.

'यदृच्छा' या शब्दावरूनही असाच घोळ होतो. जनुकांतील बदल यदृच्छेने होतात असे शास्त्रज्ञ म्हणतो तेव्हा, प्राण्याला गरज आहे म्हणून बदल होत नाही, एवढेच त्याला म्हणायचे असते. जगाला अर्थ नाही असा निष्कर्ष त्यातून काढणे हा प्रयोगशाळेचा निर्णय नसून एका माणसाचे तत्त्वज्ञान असते. २००५ साली कार्डिनल शेनबॉर्न यांनी अमेरिकेतील एका वृत्तपत्रात डार्विनपंथीयांवर टीका केली, तेव्हा व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर कॉइन यांनीच त्यांना जाहीर उत्तर दिले. दोघेही एकाच धर्मपीठाचे. करार झाल्यावरही त्याच्या अर्थाविषयी वाद होतात, त्याला अपवाद कोठलाच करार नाही.

राखून ठेवलेले कलम

दुसरे कलम धर्मपीठाने आपल्या हाती ठेवले. शरीर कोठूनही आलेले असो, प्रत्येक माणसाचा आत्मा देव स्वतः निर्माण करतो. तो द्रव्याच्या उलथापालथीतून आपोआप निपजत नाही. दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९९६ च्या त्याच संदेशात हे बजावून सांगितले आणि त्याचे कारणही दिले : मन म्हणजे केवळ द्रव्याची करामत असे मानणाऱ्या सिद्धान्तांना माणसाच्या प्रतिष्ठेचा पाया घालता येत नाही.

अनेकांना ही पळवाट वाटते. शास्त्राने किल्ला घेतला, धर्माने बालेकिल्ला तेवढा राखला, असे ते म्हणतात. मीही प्रथम तसेच म्हणत होतो. पण त्या कलमाची किंमत काय होती हे इतिहासात पाहिल्यावर माझे मत बदलले.

एका वेतनकराराच्या बैठकीत समोरच्या पक्षाचा एक सुशिक्षित अधिकारी मला म्हणाला होता, "लायक असतो तो टिकतो, हा निसर्गाचाच नियम आहे, तुमची संघटना निसर्गाविरुद्ध आहे." हे वाक्य त्याचे स्वतःचे नव्हते. हा वाक्प्रयोग हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली रूढ केला आणि दुबळ्याला दुबळे ठेवण्यासाठी तो तेव्हापासून वापरला जात आहे. डार्विनला यासाठी दोषी धरू नये. दुबळ्यांविषयीची सहानुभूती दडपली तर माणसाच्या स्वभावातला उदात्त भागच खालावेल, अशा आशयाचे त्याने १८७१ च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. पण त्याचा आतेभाऊ गाल्टन याने १८८३ साली सुप्रजननशास्त्र हे नाव घडविले आणि मोठमोठे विद्वान त्याच्या नादी लागले. 'निकृष्ट' माणसांना मुले होऊ देऊ नयेत, असे कायदे अमेरिकेतील राज्ये करू लागली.

१९२७ साली व्हर्जिनियातील कॅरी बक नावाच्या एका गरीब तरुणीचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तिची आई मतिमंद, ती मतिमंद, तिची तान्ही मुलगीही तशीच, असे सरकारचे म्हणणे. आठ न्यायाधीशांनी तिची सक्तीने नसबंदी करण्यास मान्यता दिली. विरुद्ध मत एकट्याचे पडले, ते पिअर्स बटलर यांचे. आणि त्या पीठावर कॅथॉलिक तेवढेच एक होते. त्यांनी कारणे लिहिली नाहीत, म्हणून त्यांच्या मनातले आपण ठामपणे सांगू शकत नाही. पण ३१ डिसेंबर १९३० रोजी पोप अकराव्या पायस यांनी कारणे लिहिली : निरपराध माणसाच्या शरीरावर असा अधिकार कोणत्याही सरकारला नाही. त्या वेळी हे मत मागासलेले समजले जात होते. जर्मनीने १९३३ साली आपला नसबंदीचा कायदा केला आणि त्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. पुढे त्या देशात काय झाले ते सांगायला नको. कॅरी बकची ती 'मतिमंद' मुलगी आठव्या वर्षी आजाराने गेली. तत्पूर्वी शाळेच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत तिचे नाव लागले होते, असे पुढे शोध घेणाऱ्यांना आढळले.

सगळेच कॅथॉलिक या बाबतीत स्वच्छ राहिले असे नाही, आणि आत्मा न मानणाऱ्यांनीही माणसाच्या प्रतिष्ठेसाठी जीव दिले आहेत. आमच्या चळवळीत असे पुष्कळ होऊन गेले. माझे म्हणणे इतकेच : माणसाच्या शरीराचा हिशेब शास्त्राने पुरा दिला तरी माणसाची किंमत ठरविण्याचा प्रश्न उरतोच, आणि तो प्रश्न तराजूवाल्याच्या हाती सोपवायचा नसतो. राखून ठेवलेल्या त्या कलमाने ऐन वेळी हे काम केले.

प्रलंबित कलम

आता तिसरे कलम. यावर वक्ते सहसा बोलत नाहीत. कॅथॉलिक श्रद्धेप्रमाणे पहिल्या माणसाच्या अवज्ञेने आदिपाप घडले आणि ते जन्माबरोबर सर्व मानवजातीत उतरले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली तसा निर्णय दिलेला आहे. ख्रिस्ताचे तारणकार्य त्या पापाच्या संदर्भातच समजते. म्हणून सर्व माणसे एका आदामाची लेकरे असणे या श्रद्धेला महत्त्वाचे वाटते. १९५० च्या परिपत्रकाने या मुद्द्यावर शरीराच्या प्रश्नासारखी मोकळीक दिली नाही.

शास्त्र मात्र वेगळे सांगते. आपल्या जातीचे सर्वांत जुने समजले जाणारे, मोरोक्कोत सापडलेले अवशेष सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. आजच्या माणसांच्या जनुकांतील विविधता पाहता आपले पूर्वज कोणत्याही काळी दोनच नव्हते, काही हजारांच्या समुदायात होते, असा जनुकशास्त्राचा कौल आहे. शिवाय २०१० साली निअँडरथल मानवाची जनुके वाचली गेली, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या आपणा सर्वांत त्याचाही अल्प अंश आहे, हे उघड झाले.

मग हा करार मोडला काय? येथे परिपत्रकाची भाषा वकिलासारखी वाचावी लागते. अनेक मूळपुरुषांचे मत आदिपापाच्या सिद्धान्ताशी कसे जुळेल ते 'दिसत नाही', असे पोपनी लिहिले. 'जुळणारच नाही' असे लिहिलेले नाही. या दोन वाक्यांतल्या फटीत विचारवंत काम करीत आहेत. जर्मन धर्मशास्त्री कार्ल राहनर यांनी १९५४ साली एकाच जोडप्याची बाजू घेतली होती. पुढे त्यांचे मत पालटले आणि आदिमानवांचा समुदाय मानूनही आदिपाप मानता येते, असे ते म्हणू लागले. दुसरे काही म्हणतात की, हजारोंच्या त्या समुदायातून देवाने एका जोडप्याला आत्मा दिला आणि त्यांचा वंश इतरांत मिसळत जाऊन अखेर सर्वांचा पूर्वज झाला. १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथाने पतनाची कथा आलंकारिक भाषेत आहे असे मान्य करून, ती मानवाच्या आरंभी घडलेली खरी घटना सांगते, एवढे धरून ठेवले. अंतिम निर्णय झालेला नाही.

दुःखाचा प्रश्नही असाच उभा आहे. काही गांधीलमाश्या जिवंत सुरवंटाच्या शरीरात अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या त्याला आतून खातात. दयाळू देवाने असे मुद्दाम योजले असेल, हे आपल्याला पटवून घेता येत नाही, असे डार्विनने १८६० साली एका मित्राला कळविले. त्याची लाडकी मुलगी दहाव्या वर्षी वारली होती. तेव्हा हा नुसता तर्काचा मुद्दा नव्हता. कॅथॉलिक माणूस यावर युक्तिवाद करण्याऐवजी क्रूसाकडे बोट दाखवितो : देव दुःखाच्या बाहेर राहिला नाही. ज्याला हे पुरते त्याला पुरते. ज्याला पुरत नाही त्याला मूर्ख म्हणण्याचे कारण नाही.

आपल्यापुरते

हा सारा दूरच्या लोकांचा प्रश्न आहे असे आपण समजू नये. २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळलेला दिसला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षक यांनी निषेधाचे पत्रक काढले. रोमला जे शिकायला शंभर वर्षे लागली ते असे की, प्रश्न दडपल्याने श्रद्धा वाचत नाही. लरॉय आणि झाम यांच्यासारखी प्रामाणिक माणसे मात्र मुकी होतात.

माझा टर्नर मित्र मी सांगितलेले सर्व ऐकून मुलीला घेऊन आपल्या फादरांकडे गेला. फादर म्हणाले, "मुलगी खरे सांगते. आम्ही हे धर्मशिक्षणात शिकलो आहोत. तुम्ही कधी विचारले नाही आणि आम्हीही व्यासपीठावरून कधी सांगितले नाही, ही आमची चूक." मग मुलीने आदामाचा प्रश्न काढला. फादर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "ते अजून मलाही पुरते उलगडलेले नाही." मित्राने मला सांगितले की, या उत्तरानंतर मुलगी फादरांचे बाकीचे बोलणे लक्ष देऊन ऐकू लागली.

आता तो निवृत्त झाला आहे आणि मुलगी शाळेत विज्ञान शिकविते. दोघे रविवारी बरोबर मिस्साला जातात आणि परतताना वाटेत आदामावरून वाद घालतात. परंतु बोलतात. माझ्या धंद्यात बोलणी चालू आहेत याला मोठा अर्थ असतो.